दोन डाव्या बाह्या

शिवणवर्गाच्या बाईंची शाबासकी म्हणजे साधंसुधं प्रकरण नव्हतं. त्यांनी 'वा!' म्हटलं की बंद पडलेली मशिनंसुद्धा आपणहून दोन-चार टाके घालायची. मी हे सांगतो तेव्हा माझी बहीण म्हणते, "दादा, पुरे!" पण तिच्याच थोरल्या लेकीवर ती शाबासकी पडली आणि पुढे जे झालं, ते तिलाही नाकारता येत नाही.

पहिल्याच आठवड्यात थोरलीने एक सरळ शिवण मारली. बाईंनी ती उचलून वर्गभर फिरवली. "बघा गं! हात जन्मजात आहे हिचा. हिला शिकवायचं काय?" आणि खरंच शिकवायचं सोडून दिलं. बाई मनाने लोण्याहून मऊ. एखादीला हुशार म्हटलं की तिचं भलं झालं, असा त्यांचा प्रामाणिक समज.

शेजारच्या मशिनवर धाकटी. तिचं काम मात्र बाई उलटून बघत, नखाने टाका उचलून बघत. "ताण ढिला आहे, उसव. कोपऱ्यावर सुई कापडातच ठेव, मग वळ." धाकटी नाक ओढत उसवायची, पुन्हा घालायची आणि घरी येऊन म्हणायची, "मला मेलीला अक्कलच नाही." थोरली मात्र उसवायच्या वाटेलाच जाईना. जन्मजात हाताने उसवत बसायचं म्हणजे शोभा! म्हणून ती आपली उशांचे अभ्रे शिवत राहिली. चारी बाजू सरळ, चुकायला जागाच नाही. इतके अभ्रे झाले की घरात डोकी कमी पडू लागली.

अशात वर्गाचं प्रदर्शन ठरलं. प्रत्येकीने एक कोट शिवायचा आणि घरच्या माणसाने तो घालून पाहुण्यांपुढे चालायचं. थोरलीने वडलांचा कोट शिवायला घेतला. कापड अरुंद, दुमडून दोन्ही बाह्या एकदम कापता येईनात, एकेक बेतावी लागली. दुसरी बेतताना नमुन्याचा कागद उलटा ठेवायचा असतो, एवढंच तिला ठाऊक नव्हतं. विचारलं असतं तर धाकटीनेही सांगितलं असतं. पण ज्या पोरीला शिकवायचं काही उरलंच नाही, तिने विचारायचं तरी काय तोंडाने? कागद तसाच ठेवला, खडू फिरवला, कात्री चालवली. झाल्या दोन्ही बाह्या डाव्या.

बाही खांद्याच्या मुंढ्यावर बसेना तेव्हा तिच्या ध्यानात आलं. तरी तिने चुण्या दाबत, ओढून-ताणून ती शिवलीच, वर इस्त्री रेटली. मग मात्र तिचा पाय एका जागी ठरेना. जेवता जेवता उठायची, कोट उघडून बघायची, पुन्हा झाकायची.

प्रदर्शनाच्या सकाळी माझ्या मेहुण्याने कोट चढवला. गडी बस चालवतो, दंडात बळ आहे. पण त्या बाहीपुढे काही चालेना. माणूस पुढे निघाला की उजवा हात मागे वळायचा. चहाचा कप तोंडाकडे न्यावा, तर बाही तो पाठीमागच्याला देऊ करायची!

"झकास बसलाय गं," तो म्हणाला. बाप तो. दुसरं काय म्हणणार?

वर्गात खुर्च्या मांडून झाल्या होत्या. बाई लगबगीने आल्या, लांबूनच कोटाकडे पाहून म्हणाल्या, "वा! मला ठाऊकच होतं." आणि पुढच्या कोटाकडे वळल्या.

थोरलीच्या तोंडचा दोरा तटकन तुटला.

"बाई, बघा ना!"

"बघितलं की गं, सुरेख आहे."

"नाही बघितलंत! धाकटीचं बघता तसं बघा. उलटून बघा!"

बाईंनी चष्मा लावला, बाहीवरून नख फिरवलं.

"ही डावी."

"हो."

"आणि ही?"

"तीही."

"तरीच!" मेहुणा म्हणाला. "मला वाटलं, माझाच हात वाकडा झाला."

बाईंचा चेहरा पडला. "अगं, मग मला विचारायचं नाही का?"

"तुम्हीच म्हणालात ना, हिला शिकवायचं काय? मग विचारलं असतं तर... मी काय उरले असते?"

बाईंनी बाहीची कड उलटून आतली शिवण पाहिली. जिन्यावर पाहुण्यांचे आवाज यायला लागले होते.

"कापड उरलंय?" त्यांनी विचारलं.

"हातभर."

"काखेत जोड द्यावा लागेल."

"दिसेल?"

"दिसेल. आज काही हा कोट चालायचा नाही. पुढच्या आठवड्यात चालेल. पण बाही आत्ता काढ, मुंढा कसा पडतो ते बघू. अंगावरच काढ."

दार उघडलं, पाहुणे आत शिरले. थोरलीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. कानापर्यंत लाल झाली, तरी ब्लेड उचललं.

"सावकाश. टाका काप, कापड नको."

"असं?"

"नाही. अजून तिरपं धर."

"असं?"

"हं. आता पुढचा."

"मी हात खाली घेऊ का जरा?" मेहुण्याने विचारलं.

"नाही!" दोघी एकदम ओरडल्या.