कोयता म्हणजे दोघं

साखर कारखान्याचं पहिलं ॲप पुण्यात गारव्याला बसून बनवलं होतं आणि सेनगाव तालुक्यातल्या तांड्यांवर ते एक हंगामही टिकलं नाही. त्यात माणसं सुटी सुटी मोजली जात. ऊसतोडीत मोजतात तो कोयता, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. हे त्या शहाण्यांना ठाऊकच नव्हतं. मग साहेबांना नवी अक्कल सुचली. ज्यांनी वापरायचं त्यांनाच विचारायचं, थोडं बनवायचं, दाखवायचं, चुकलं ते दुरुस्त करायचं.

म्हणून नवं ॲप बनवणाऱ्या संध्या मॅडम लॅपटॉप घेऊन पुसेगावजवळच्या तांड्यावर आल्या आणि धर्मसिंग मुकादमाच्या ओट्यावर बसल्या. धर्मसिंगचा जन्म टोळ्या नेण्यात गेला, पण कारखान्यात त्याला कुणी कधी बस म्हटलं नव्हतं. आता मॅडम त्याचा शब्द न् शब्द टिपत होत्या. गडी हरभऱ्याच्या झाडावर चढला. टोळी अपुरी भरली तर मुकादमकी दुसऱ्याला द्यावी, असंही त्यानं सांगून टाकलं. शेजारच्या बाबूसिंगची टोळी दरवर्षी अपुरी असायची ना, त्याची जिरवायची होती.

मधेच रूपाबाई बोलली. नवरा गेल्यापासून ती टोळीत एकटीच ऊस तोडायची. एकट्या बाईचं नाव कसं चढवायचं, असं तिनं विचारलं. याच बाईनं उसाच्या वजनावरून धर्मसिंगला चारचौघांत खोटं पाडलं होतं. ते त्याला अजून सलत होतं.

"एकटी बाई म्हंजे कोयता न्हाई," तो म्हणाला. "कोयता म्हंजे दोघं. तसंच लिव्हा."

मॅडमनी पुन्हा विचारलं, त्यानं पुन्हा तेच सांगितलं. तांडा मूग गिळून बसला, कारण टोळीत कुणाला घ्यायचं ते धर्मसिंगच ठरवायचा. त्या साली ॲपनं रूपाबाईला घेतलं नाही. ती कुठल्याशा वीटभट्टीवर निघून गेली आणि हा बाबा त्या गोष्टीवर मिशीत हसत राहिला.

पुढच्या पोळ्याच्या आधी त्याचा जावई ट्रॅक्टरखाली सापडून मेला. निता, त्याची एकुलती लेक, तान्ही पोर घेऊन बापाच्या दारात आली. दिवाळीनंतर टोळी निघायची झाली, तसं धर्मसिंगनं फोनवर कोयते चढवायला घेतले. ॲपनं निताचा चेहरा ओळखला आणि दुसरा मागितला. दुसरा नव्हता. तिच्यावाचून टोळी एका कोयत्यानं अपुरी पडत होती, म्हणजे त्याच्याच नियमानं मुकादमकी जाणार होती, आणि तांड्यातले बाकीचे कधीच दुसऱ्या टोळ्यांत गेले होते.

त्यानं संध्या मॅडमला फोन लावला, गयावया केली. मॅडम शांतपणे बोलल्या.

"काका, नियम तुम्हीच सांगितलेला आहे. मी दोनदा विचारलं होतं. आता पुढच्या हंगामाच्या बैठकीत मांडा, सगळे हो म्हणाले तर बदलू."

उरला जगन, निताचा धाकटा दीर. त्याच्या माराला कंटाळून बायको माहेरी गेलेली, त्यामुळे त्याचाही कोयता अडलेला. ॲपला नातं कळत नव्हतं, एक बाई आणि एक गडी दिसला की झालं. पण एका कोयत्याला फडावर राहायला पाचटाची झोपडी, म्हणजे कोपी, एकच मिळते. रूपाबाई टोळीत असती तर निता तिच्याजवळ झोपली असती.

"बा, तुमीच उभे ऱ्हा ना माझ्यासंग," निता म्हणाली. "ऊस मी तोडते. तुमी नुसत्या मोळ्या बांधा."

धर्मसिंगला ते जमलं असतं. फक्त ॲपमध्ये एक चेहरा एकाच जागी चालायचा, म्हणजे मुकादमकी सोडावी लागली असती. मग ओट्यावर कुणी आलं नसतं, आणि उद्या, यंदा टोळी पुरी भरलेल्या बाबूसिंगच्या हाताखाली मोळ्या बांधाव्या लागल्या असत्या. त्यानं फार विचार केला, असं म्हणायला माझी जीभ वळत नाही.

"नुसतं मोबाईलपुरतं हाय ते," तो म्हणाला. "कोपीत मधी लुगडं बांध."

"लुगड्यानं काय व्हतंय, बा?"

बाप फोनवर पुढचा कोयता चढवायला लागला. त्याला कळत नव्हतं थोडंच? जगन कसा आहे ते तांड्यातलं शेंबडं पोरही सांगेल. ज्याला कळतं आणि तरी जो करतो, त्याच्याइतका हलकट माणूस नाही.

सकाळी ट्रक लागला. कोयत्याचा फोटो दोघांचा एकत्रच घ्यावा लागायचा, म्हणून धर्मसिंगनं त्यांना ओट्यासमोर उभं केलं. जगनच्या तोंडाला सकाळीच वास येत होता. निता पोरीला कडेवर घेऊन हातभर लांब उभी राहिली. फोन काही केल्या फोटो घेईना.

"जवळ सरक," धर्मसिंग लेकीला म्हणाला.

ती हलली नाही. जगन हसला आणि त्यानं तिच्या खांद्यावर हात टाकून तिला ओढलं. पोर रडायला लागली. नितानं बापाकडे पाहिलं, पण बाप फोनमध्ये पाहत होता.

"आनखी जवळ," तो म्हणाला, आणि बटण दाबलं.