तेहेरोंच्या छपरावरचे कौल

मित्रांनो, मी एक जुने नळीचे कौल आहे. स्पेनमधल्या अरागॉनच्या डोंगरातल्या एका लहानशा गावात, एउतिमियो तेहेरो यांच्या छपरावर मी पहुडलेले असते. ऊन चढले की मला गुंगी येते. पोटाखाली पाकोळ्या झोपतात आणि मला वाटते, आपण अजून नदीकाठची ओली मातीच आहोत.

एउतिमियोंच्या आजोबांनी मला लाकडी साच्यावर वळले, वाळवले, भट्टीत भाजले. आमच्याकडे कौलाला ‘तेहा’ म्हणतात आणि कौले घडवणारा तो ‘तेहेरो’. फार पूर्वी ही नुसती हाक होती. बापामागून मुलालाही लोक तीच हाक मारू लागले आणि हाकेचे आडनाव झाले. उन्हाळ्यात हे लोक साचे पाठीला बांधून दूरदूर जात. चांगली माती लागली की तिथेच भट्टी लावत; एखादा तिथलाच होऊन राही. म्हणून आज बाजारात “तेहेरो!” असे कोणी ओरडले, तर दातांचा डॉक्टर, मेंढपाळ आणि पाववाली अशा तिघांच्या माना वळतात. कौल मात्र त्यांतल्या कुणालाच करता येत नाही.

एउतिमियोंना येत होते. पण कारखान्याची कौले आली आणि त्यांची भट्टी थंडावली. त्यांना एकच मुलगी, ओरोसिया. तिचा नवरा लाम्बेर्तो बस चालवतो. त्याचे आडनाव एर्रेरो, म्हणजे लोहार.

“लोहार जावई केला,” एउतिमियो हसत म्हणायचे, “आणि खिळा ठोकायला माझी मुलगीच लागते!”

ओरोसियाला दिवस गेले आणि म्हाताऱ्याचे हसू मावळले. आमच्याकडे मुलाला आईबाप दोघांचीही आडनावे मिळतात. पण पुढच्या पिढीकडे जाते ते पहिले, आणि पहिले बहुधा बापाचे.

“आपल्या घरातलं तेहेरो आता माझ्याबरोबरच जाणार,” ते मुलीला म्हणाले.

त्याच वसंतात वादळ आले. माझे कितीतरी शेजारी उडाले, फुटले. बाळासाठी सजवलेली खोली गळू लागली.

“पत्रे टाकू या,” लाम्बेर्तो म्हणाला.

“तेहेरोंच्या घरावर पत्रे?” ओरोसिया उसळली. “बाबा, साचा काढा. मला वाकवत नाही, पण चिखल तुडवायला हा आहे ना!”

“हा? ब्रेक सोडून कुठे पाय ठेवायचा, हे कळतं का याला?”

लाम्बेर्तोने विजार गुडघ्यापर्यंत दुमडली. तो घसरला, पडला, पुन्हा उठला. साच्यावर एउतिमियोंचे हात थरथरत, तेव्हा ओरोसिया शेजारी बसून त्यांची मनगटे धरी. भट्टी पेटली. धूर माझ्यावरून तरंगत गेला आणि मी किती तरी वेळ स्वप्नातच होते.

खाली लाम्बेर्तो म्हणाला, “बाबा, बाळाचं पहिलं आडनाव तेहेरो लावू.”

“का रे? लोहारांना आपल्या नावाची लाज वाटते?”

“भाता कुठून धरतात, तेही मला ठाऊक नाही. चिखल तरी तुडवलाय.”

एउतिमियोंनी भट्टीत काटक्यांचा भारा सारला. डोळे पुसत म्हणाले, “धूर फार झालाय.”

पुढे मुलगी झाली. ती माझ्याखाली कोरड्या खोलीत झोपते. शेजारची नवी कौले अजून लालभडक आहेत. गारा पडल्या की घाबरतात, मी त्यांना धीर देते.

मित्रांनो, तुमच्याही आडनावात कुणाचे तरी हात असतील. ते काय करत होते, हे घरातल्या थोरांना विचारा. ते सांगायला आहेत, तोवरच शिकून घ्या. नुसते नाव लावून छप्पर गळायचे थांबत नाही.