रविवारी अकराचा अनोळखी फोन

मित्रांनो, मी एक जुना राउटर आहे. धामणगाव बढे गावात, नीळकंठ गुरुजींच्या बैठकीत, टीव्हीच्या वरच्या फळीवर माझी जागा आहे. सगळे आपली गोष्ट जन्मापासून सांगतात. मी एका रविवारपासून सांगणार आहे, कारण या घरातला तो शेवटचा साधा दिवस होता.

सकाळचे अकरा वाजले होते. गुरुजींनी चष्मा पुसला. टेबलावर पाण्याचा तांब्या ठेवला आणि त्याला टेकवून आपला नवा फोन उभा केला. मग मांडीवर एक चाळीस पानी वही घेतली आणि तिच्यात पाहत एकेक अक्षर फोनवर दाबलं. माझ्या दारावर थाप पडली. मी दार उघडलं नाही. त्यांनी पुन्हा दाबलं. मी पुन्हा उघडलं नाही. असं तीनदा झालं. मग त्यांनी लाल पेन काढून वहीत काहीतरी लिहिलं, तांब्यातलं पाणी प्यायले आणि ओट्यावर जाऊन बसले.

मी नेमाप्रमाणे पुण्याला सूचना धाडली, की एक अनोळखी फोन आत येऊ पाहत होता, मी त्याला अडवलं. पुण्याहून क्षणात हुकूम आला, की त्याला कायमचा अडव. मी अडवला. आपण चोख काम केलं असं मला वाटलं.

सोमवारी सकाळी आंघोळ करून येताना गुरुजी न्हाणीच्या दारात कोसळले. बुलढाण्याला नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

मित्रांनो, मला लिहिता येत नाही. गुरुजींची मुलगी रेवती हे लिहून घेते आहे. मी कुठे अडखळलो, तर ती अडखळली असं समजा.

पाच वर्षांपूर्वी मी या घरात आलो. माझा कारखाना कुठे होता ते मला आठवत नाही. आठवतो तो गजेंद्रच्या मोटरसायकलवरचा प्रवास. गजेंद्र हा आमच्या भागात तारा ओढून घरोघरी वायफाय लावून देणारा माणूस. त्यानं खिडकीच्या चौकटीला भोक पाडून तार आत घेतली, मला फळीवर ठेवलं आणि माझा हिरवा दिवा लागला. गुरुजी नुकतेच शाळेतून निवृत्त झाले होते. त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळे बाई म्हणत, वर्षभरापूर्वी वारल्या होत्या. मुलगी पुण्यात नोकरीला. मोबाइलची रेंज आमच्या गल्लीत ओट्यावर जेमतेम बोलण्यापुरती येते, चेहरा काही दिसत नाही. मुलीचा चेहरा दिसावा म्हणून त्यांनी मला आणलं.

त्यांनी माझ्यावर बाईंच्या हातचा विणलेला रुमाल घातला. पुढच्या वेळी गजेंद्र आला तेव्हा हसला. "गुरुजी, याले स्वेटर नका घालू. याले गरम होते." गुरुजींनी रुमाल काढला, घडी केली आणि माझ्या खाली अंथरला. तो अजून तिथेच आहे. दर शनिवारी ते माझ्यावरची धूळ कोरड्या फडक्यानं पुसत. एवढी निगा फार थोड्या राउटरांच्या वाट्याला येत असेल.

माझा पासवर्ड काय ठेवायचा असं गजेंद्रनं विचारलं, तेव्हा गुरुजी लगेच म्हणाले, रेवती, आणि पुढे तिचं जन्मसाल. मग त्यांनी शाळेतल्यासारख्या वळणदार अक्षरात तो पासवर्ड एका पाटीवर लिहिला आणि ती पाटी ओट्यावर, पाण्याच्या रांजणाशेजारी टांगली. उन्हातून येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या रांजणाचं पाणी मिळत असे. त्याच्याशेजारी आता मीही मिळू लागलो. कुणी फॉर्म भरायला येई, कुणी कापसाचा भाव बघायला. समोरच्या शालूबाई रोज संध्याकाळी येत. त्यांचा मुलगा फौजेत आहे. ओट्याच्या कडेला बसून त्या त्याचा चेहरा बघत आणि पदरानं फोनची काच पुसत. पासवर्ड कुणाच्या लक्षात राहिला नाही तर गुरुजी म्हणत, "माझ्या पोरीचं नाव टाका, उघडते." हे सांगताना त्यांचा आवाज जरा मोठा होई.

आणि दर रविवारी अकरा वाजता रेवती दिसे. गुरुजी तिला लोणच्याची बरणी दाखवत, जास्वंदीला आलेलं फूल दाखवत, आपली नवी कवळी दाखवत. बनियनवरच बसत आणि मोठ्यानं बोलत. कधीकधी पुण्याकडून चित्र एकदम काळं होई आणि आवाज बंद पडे. तिच्या खोलीत कुणीतरी आलेलं असे आणि ती फोन पालथा ठेवी. गुरुजींना ते कळत नसे. "रेंज गेली वाटते," असं म्हणून ते त्या काळ्या चौकटीसमोर बसून राहत. रेंज गेलेली नसे. मला ते माहीत होतं.

मागच्या दिवाळीत रेवती घरी आली. कंपन्यांच्या संगणकांत कुणी घुसू नये, हे बघण्याचं तिचं काम आहे. ओट्यावर पाय ठेवताच तिला पाटी दिसली. ती आत आली, पिशवी खाली न ठेवताच तिनं फोनवर माझी सेटिंग उघडली. माझ्याशी एकोणीस फोन जोडलेले होते. माझी मुख्य किल्ली, म्हणजे सगळी सेटिंग बदलण्याचा पासवर्ड, कारखान्यातून आला तोच होता. तो माझ्या पोटावरच्या चिठ्ठीवर छापलेला असतो आणि कुणालाही वाचता येतो.

ती म्हणाली ते सगळं खरं होतं. असं उघडं दार धोक्याचं असतं. तिच्या हातून चूक झाली ती सांगण्याच्या रीतीत. ती म्हणाली, "बाबा, हे घर आहे की एसटी स्टँड? आणि माझं नाव तुम्ही असं बाहेर टांगून ठेवता? तुम्हाला काही वाटत नाही?"

गुरुजी "बरं" म्हणाले. बाहेर गेले आणि ओल्या फडक्यानं पाटी स्वतःच पुसली.

रेवतीनं एका दुपारी मला नवं केलं. मुख्य किल्ली बदलली. माझ्या आतल्या जुन्या आज्ञा काढून ताज्या घातल्या. सोळा अक्षरांचा अवघड पासवर्ड ठेवला आणि एका कागदावर लिहून गुरुजींना दिला. एवढ्यावर ती थांबली असती तर बरं झालं असतं. पण तिनं एक यादीही केली. सिमच्या नंबराखेरीज प्रत्येक फोनला, यंत्र म्हणून, स्वतःचा एक क्रमांक असतो. तिनं तीनच क्रमांक यादीत घातले, गुरुजींचा फोन, टीव्ही आणि तिचा स्वतःचा फोन. बाकी कुणी आलं तर पासवर्ड न बघताच परत पाठवायचं, असं मला बजावलं. पाहुण्यांसाठी माझ्यात एक वेगळं दार असतं. ते उघडून दिलं की लोक वायफाय वापरतात, पण घरातल्या यंत्रांपर्यंत पोचत नाहीत. तिला ते माहीत होतं. लोकांना ती पगार घेऊन हेच सांगते. पण त्या दिवशी ती रागात होती. जाताना म्हणाली, "आता कुणाला हात लावू देऊ नका. गजेंद्रलासुद्धा. आणि पासवर्डसाठी मला सारखं विचारू नका."

संध्याकाळी शालूबाई फोन घेऊन ओट्यावर आल्या. गुरुजी त्यांना म्हणाले, मशीन बिघडली. त्या माणसाला खोटं बोलताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मुलीनं दार लावलं असं त्यांना सांगायचं नव्हतं, म्हणून त्यांनी मला बिघडवलं. शालूबाई थोडा वेळ बसल्या आणि गेल्या. पुढे कुणी येईनासं झालं.

उन्हाळा लागता लागता गुरुजींचा फोन रांजणात पडला. पाणी काढायला वाकले आणि खिशातून निसटला. तो रेवतीनं दिलेला होता. आधीच बोलणी बसली होती, त्यात हे कुठे सांगायचं, म्हणून त्यांनी मोताळ्याहून गुपचूप नवा फोन आणला. सिम जुनंच होतं, नंबर तोच राहिला. पण फोनचा क्रमांक नवा होता आणि तो माझ्या यादीत नव्हता.

पहिल्या रविवारी मी त्यांना परत पाठवलं तेव्हा त्यांना वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. त्यांनी गजेंद्रला बोलावलं. त्यानं पाहिलं आणि मान हलवली. किल्ली ताईकडे आहे, म्हणाला. "ताईले फोन लावू काय? दोन मिनिटाचं काम आहे."

"नको बे," गुरुजी म्हणाले. "तिले ऑफिसचं काम राह्यते. मीच शिकून घेतो."

रेवतीला त्यांनी ओट्यावरून साधा फोन केला. डोळ्यांना त्रास होतो, आता नुसतं बोलत जाऊ, असं सांगितलं. ती बरं म्हणाली. डोळ्यांना काय झालं, हे तिनं विचारलं नाही.

आणि मग ती वही सुरू झाली. पाढे पाठ करतात तसा त्यांनी तो पासवर्ड पाठ केला. रोज दहा ओळी लिहायच्या, मग कागदाशी ताडून बघायच्या आणि चुकलेल्या अक्षराला लाल पेनानं गोल करायचा. सोळापैकी नऊ. सोळापैकी बारा. नऊ रविवार ते अकरा वाजता माझ्या दाराशी आले. मी पासवर्ड वाचतच नव्हतो. आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासलेल्या माणसाची वही मी एकदाही उघडून बघितली नाही. पाच वर्षं ज्यांच्या हातचं फडकं माझ्या अंगावरून फिरलं, त्यांना मी अनोळखी म्हणत होतो आणि प्रत्येक वेळी पुण्याला कळवत होतो. पुण्यात ती सूचना बोटानं बाजूला सारली जात होती. शेवटच्या रविवारी रेवतीला कंटाळा आला आणि तिनं कायमचं कुलूप घातलं. कुणीतरी चिवट चोर असणार, असं तिला वाटलं.

तेरावं झालं. पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी शालूबाई भाकरी आणि पिठलं घेऊन आल्या. रेवती खाली बसली होती. तिच्याजवळ बसून त्यांनी विचारलं, "ते मशीन दुरुस्त झाली काय वं माय? बिघडली म्हणे दिवाळीपासून."

"कोण म्हणालं?"

"गुरुजीच." त्यांनी पिठल्याचं भांडं तिच्यापुढे सरकवलं. "दोन महिन्यात पार वाळले होते वं ते. जिना चढले का छातीले हात लावत. मी म्हणो, पोरीले सांगा. म्हणत, तिले दिसतेच ना फोनात. तुले दिसलं नाही काय?"

त्यांनी टोमणा मारला नव्हता. त्या खरंच विचारत होत्या.

शालूबाई गेल्यावर रेवतीनं फोनवर माझी नोंद उघडली. कुणाला कधी आत घेतलं आणि कुणाला अडवलं, हे माझ्याकडे तारीखवार असतं. तिनं तिच्या कामाच्या सवयीनं बोट फिरवत वाचलं. एकच क्रमांक. नऊ रविवार. दर वेळी अकरा, अकरा वाजून दोन मिनिटं, अकरा वाजून पाच मिनिटं. ती वाचता वाचता थांबली. मग उठली आणि फळीवरून गुरुजींचा फोन उतरवला. तो कुठला आहे, कधी घेतला, हे तिला माहीत नव्हतं. तिनं त्याचा क्रमांक काढला आणि दोन्ही फोन शेजारी ठेवून आकडे जुळवले. पहिल्यांदा, आणि पुन्हा एकदा.

फोनच्या खाली ती वही होती. शेवटच्या पानावर रविवारची तारीख होती आणि लाल पेनानं लिहिलं होतं, सोळापैकी सोळा. त्याच्या पुढे गुरुजींनी शेरा मारला होता, 'तरी चुकते. पुन्हा लिहिणे.'

मित्रांनो, माझ्यासारख्यांना कुलूप जरूर लावा. कारखान्यातली किल्ली बदला, पासवर्ड अवघड ठेवा, पाहुण्यांचं दार वेगळं ठेवा. पण कुलूप लावणाऱ्यानं घरातल्या माणसाजवळ बसून ते उघडायलाही शिकवावं. यादी केली तर ती मधून मधून बघावी. आणि तेच ते अनोळखी कुणी पुन्हा पुन्हा त्याच वेळी दार ठोठावत असेल, तर अडवण्याआधी घरी एक फोन करावा. मला तो करता येत नव्हता. ज्यांना येतो त्यांनी करावा.

त्या दिवशी रेवतीनं ते कायमचं कुलूप काढलं आणि यादीत चौथा क्रमांक घातला. गुरुजींचा फोन माझ्याशी जोडला गेला आणि माझा हिरवा दिवा लुकलुकला. मग तिनं पाहुण्यांचं दार उघडलं आणि त्याला तो पहिलाच पासवर्ड ठेवला. पाटी शोधून काढली आणि तिच्यावर आपलं नाव लिहिलं, पुढे आपलं जन्मसाल. तिचं अक्षर गुरुजींसारखं नाही. तिनं पाटी रांजणाशेजारी टांगली, आत आली आणि टेबलावर तांब्याला टेकवून तो फोन उभा केला. त्याच्या समोर बसली. काचेत तिचाच चेहरा काळा दिसत होता.

रेवती पंधरा वर्षं पुण्याची भाषा बोलते आहे. ती त्या काचेकडे बघून, घरातल्या भाषेत, सावकाश म्हणाली, "बाबा, तुम्ही म्हणाले ना, आता नुसतं बोलत जाऊ. तवा मले बरं वाटलं होतं. तुम्हाले फोनात कोणी पाह्यलं तर काय म्हणीन, असं वाटे मले. म्हणून मी डोळ्याचं विचारलं नाही."