घाम आढळला नाही

माझा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. त्यामुळे वेणी घालायची झाली की धाकट्या बहिणीकडे पाठ करून बसावं लागायचं. वय एकोणसाठ, आणि रोज सकाळी शाळेतल्या पोरीसारखी मी तिच्यापुढे बसायचे. ती ओढून ओढून विंचरायची आणि म्हणायची, "सहाच महिने राहिलेत ना ताई? काढ कसेतरी." साठ पुरे झाले की निवृत्ती, दरमहा पेन्शन आणि या मेल्या हाताला विश्रांती. एवढंच मागणं होतं माझं. त्याची माती कशी झाली ते सांगते. त्यात माझीही अक्कल कमी पडली, हेही आधीच सांगून टाकते, म्हणजे मागून कुणी बोलायला नको.

मी इस्पितळाच्या धुलाईघरात आहे, तळघरात. चौतीस वर्षं झाली. वरच्या मजल्यांवरच्या चादरी, अभ्रे, ऑपरेशनची हिरवी कापडं भिंतीतल्या नळकांड्यातून धपाधप खाली पडतात. आम्ही ती धुतो, वाळवतो, इस्त्री करून परत वर पाठवतो. आता तुम्ही म्हणाल, यंत्रं असतील की. आहेत ना! पण धुण्याच्या यंत्रातला ओला गठ्ठा वाळवायच्या यंत्राकडे स्वतःच्या पायांनी चालत जात नाही. तो उचलावा लागतो. तीस किलो भरतो एकेक, आणि दिवसाचे साठ-सत्तर होतात. वर वाफ अशी, की चष्मा लावणारीला तो खिशातच ठेवावा लागतो.

तर सरकारनं काय केलं, निवृत्तीचं वय साठाचं पासष्ट केलं. का, तर पेन्शनच्या निधीत खडखडाट. पण सरकारला काळीज आहे म्हणे. ज्यांचं काम अंगमेहनतीचं, त्यांना साठच. आता कुणाचं जड आणि कुणाचं हलकं, हे ठरवायला एक साहेब नेमला. तो कामाच्या जागी जाऊन पाहणार, मोजणार आणि शेरा मारणार. आम्ही त्याचं नाव ठेवलं मोजणीसाहेब.

आमच्याकडे तो येणार असं कळलं आणि आमच्या मुकादमाच्या अंगात आलं. मुकादम तसा भला माणूस, पण साहेब हा शब्द ऐकला की त्याचा हात आपोआप झाडूकडे जातो. आणि खरं सांगू? आमचाही जातो. चौतीस वर्षांत जो जो साहेब आला, त्याच्यासाठी आम्ही धुलाईघर लखलखीत केलंय. साहेब येणार म्हणजे चकचकीत दिसायचं, हे आमच्या हाडात मुरलंय. तेव्हा आम्ही काय केलं ऐका. आदल्या दिवशीच जास्तीचं काम ओढून सगळे गठ्ठे संपवले. फरशी घासली. वॉर्डातून चार पंखे मागून आणले. साहेबांना आवाजाचा त्रास नको म्हणून मोठी यंत्रं बंद ठेवली. यंत्रं बंद म्हणजे वाफ बंद. मला तर नवाकोरा गणवेश दिला आणि खुर्चीवर बसवून नॅपकिनांच्या घड्या घालायला लावल्या. चौतीस वर्षांत त्या खोलीत मी पहिल्यांदा खुर्ची पाहिली.

मोजणीसाहेब आला. चाळिशी उलटलेला, गोरागोमटा, हातात फॉर्म. थंडगार वाऱ्यात उभा राहून म्हणाला, "वा, किती प्रसन्न जागा आहे!" मुकादम असा फुलला, जसं काही त्याच्याच पोरीचं लग्न ठरलंय.

मग साहेबानं मला विचारलं, "मावशी, कामाचा काही त्रास होतो का?"

आता इथं तोंड उघडायचं होतं. खांदा ठणकत होता, समोर विचारणारा होता, आणि मी काय म्हणाले? "छे हो साहेब! सवय आहे. चौतीस वर्षांत एक दिवस आजारी म्हणून घरी बसले नाही." वर हसलेसुद्धा. कुणी पाहुणा विचारतो तेव्हा आपण रडगाणं गातो का? झाकली मूठ सव्वा लाखाची, हेच शिकलेय मी. साहेबानं सगळं लिहून घेतलं, चहा घेतला आणि गेला. मुकादम म्हणाला, "जिंकलं!"

महिन्याभरानं कागद आला. धुलाईघर: हलके काम. बैठे स्वरूप. हवा खेळती. आवाज नाही. घाम आढळला नाही. कामगार समाधानी. निवृत्ती पासष्टाव्या वर्षी.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी कागद तीनदा वाचला. मुकादम भिंतीला टेकून उभा होता. त्यालाही पासष्टच लागू. "पण आपण तर सगळं नीट केलं होतं," असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

रजा टाकून मी मोजणीसाहेबाच्या कचेरीत गेले. माणूस वाईट नव्हता. बसायला सांगितलं, पाणी दिलं.

"काय करणार मावशी," म्हणाला, "निधी आटलाय. लोक फार जगायला लागलेत."

"चुकलंच आमचं."

"तसं नाही हो. पण पैसा यायचा कुठून?"

"माझ्या पगारातून दरमहा कापता. हातात पडायच्या आधीच कापता. आमच्या इस्पितळाच्या मालकांकडून किती घेता?"

साहेब छताकडे बघायला लागला. "मालकांचं काय आहे, कागदोपत्री ते तोट्यात आहेत."

तोट्यात! त्यांच्या बंगल्यातला पोहण्याचा तलाव कागदावर 'जलोपचार केंद्र' आहे. मला माहीत आहे, कारण तिथले टॉवेल आम्हीच धुतो. चौतीस वर्षांत एकही पेशंट त्या टॉवेलांनी अंग पुसायला गेलेला नाही.

"आणि हे तिसरं इस्पितळ बांधलं ते?" मी विचारलं.

"ती संपत्तीची वाढ झाली. वाढ म्हणजे उत्पन्न नव्हे. वाढीवर कर लावला की ती रुसते, आणि उठून परदेशी निघून जाते."

"मग माझा पगार नाही रुसत तो?"

"तुमचा पगार समंजस आहे," साहेब म्हणाला. आणि तो थट्टा करत नव्हता हो, त्याला खरंच कौतुक वाटत होतं! चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर संन्याशाच्या समंजसपणाची वाहवा. माझं डोकं असं फिरलं, की त्याच्याच पेनानं मी फेरतपासणीचा अर्ज लिहून दिला.

पुढच्या महिन्यात तो परत आला. या वेळी मी सगळ्यांना दम भरला होता. पंखे नाहीत, खुर्ची नाही, सगळी यंत्रं चालू. मुकादमाचा जीव तळमळत होता. साहेब दारात आला तरी तो कोपऱ्यातला एक टॉवेल नीट घडी करून ठेवत होता. मी त्याच्या हातातून टॉवेल ओढला आणि जमिनीवर फेकला.

वाफेनं साहेबाच्या चष्म्यावर धुकं आलं. फॉर्म मऊ पडला. "फारच दमट आहे," तो म्हणाला. बरं वाटलं मला.

"गठ्ठ्याचं वजन किती असतं म्हणालात?"

"साहेब, सांगून काय कळणार? मागच्या वेळी सांगायला गेले तर खोटं बोलले. तुम्हीच एक गठ्ठा उचला. एकच. मी सत्तर उचलते."

त्याला नाही म्हणवेना. त्यानं फॉर्म मुकादमाकडे दिला, बाह्या सरसावल्या, वाकला, गठ्ठ्याला मिठी मारली आणि उचललाही. दोन पावलं टाकली. मग त्याच्या कमरेत असा आवाज झाला, की यंत्रांच्या घरघरीतही आम्हाला ऐकू आला. गठ्ठा पडला आणि गठ्ठ्यावर साहेब पडला.

त्याला उचलून कपड्यांच्या गाडीवर घातलं आणि वर नेलं. माणसाचं वाईट वाटत होतं, खोटं कशाला बोलू. पण मनात म्हटलं, आता तरी शेरा बदलणार. यापेक्षा मोठा पुरावा कुठला?

तीन आठवडे तो वर दुसऱ्या मजल्यावर होता. त्याच्या चादरी खाली येत होत्या, मी धूत होते. सुटीत एकदा भेटायला गेले. तो पट्टा बांधून पडला होता, पण चेहऱ्यावर तेज होतं.

"मावशी, फार जड होता हो तो गठ्ठा!"

"मग लिहा ना तसं, साहेब."

"आता मला कुठलं लिहिता येतंय? मी निवृत्त झालो." उशीखालून त्यानं कागद काढून दाखवला. अतिकष्टाच्या जागी काम करताना इजा. वय शेहेचाळीस. पूर्ण पेन्शन, तहहयात.

"अतिकष्टाची जागा म्हणजे आमचं धुलाईघर?" मी विचारलं.

"अर्थात," तो म्हणाला. "मी स्वतः अनुभव घेतलाय."

त्याच आठवड्यात माझाही कागद आला. तपासणी अधिकारी निवृत्त झाल्याने फेरतपासणी अपूर्ण राहिली. मूळ शेरा कायम. हलके काम.

दुसऱ्या दिवशी सकाळी बहिणीपुढे बसले. तिनं फणी घेतली आणि सवयीनं विचारलं, "किती राहिले ग ताई?"

"पाच वर्षं आणि चार महिने."

फणी केसांतच थांबली. हल्ली तिचीही बोटं थरथरतात, मला मानेला जाणवतं. पाच वर्षांनी तिला तरी विंचरता येईल का? मी ट्रंकेवरची कात्री मागे सरकवली. "काप," म्हटलं. "पार मानेपर्यंत काप."

"तुझे केस? आईसारखे आहेत ग ते!"

"काप म्हणते ना."

ती रडत रडत कापत होती. मी रडले नाही. केर भरून टाकला आणि कामाला गेले. दुपारपर्यंत चाळीस गठ्ठे झाले, वाफेत मान मोकळी मोकळी वाटत होती. साहेब असता तर लगेच लिहिलं असतं त्यानं: कामगार ताजातवाना दिसतो.