रत्नमालेचा तिसरा कंट्रोलर

रत्नमालेने ई-रिक्षा ढकलत माझ्या दुरुस्तीच्या दुकानासमोर आणली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. मोहाडीत रिक्षा चालवणारी ती एकटीच बाई. ती ढकलताना दिसली की रस्त्यावर माणसं थांबतात. बघायला, हात लावायला नाही.

"शकुनताई, चार वाजता तुमसरचं गिऱ्हाईक येते. ह्यायनं गाडी इकाचं ठरवलं."

ह्यायनं, म्हणजे तिच्या नवऱ्याने, अश्वजितने. जवाहरनगरला कामाला जातो. माणूस वाईट नाही, पण गाडी अडून बायको आठवड्यातून तीनदा सवाऱ्या रस्त्यात उतरवते, हे त्याला बघवत नव्हतं.

"अन् तुले इकाची हाय?"

"मले?" तिने हँडलवरची धूळ पदराने पुसली. उत्तर मिळालं.

"झालं काय गाडीले?"

"पावसाळ्यात कंट्रोलर जळला. तवापासून हा तिसरा. मिस्त्रीच्या दुकानात चालते, बाहेर उभी करून पुन्हा चालू केली का मरते. मिस्त्री म्हणे, आणखी एक बदलून पाहू."

कंट्रोलर म्हणजे मुठीचं ऐकून मोटरला वीज सोडणारी पेटी. तीन जावई बदलूनही भांडण तेच असेल, तर जावयांना सोडून घराकडे पाहावं. मी सीट उचलली, मीटर लावला. बॅटरी ठीक. ब्रेक दाबला की मोटर बंद करणारा स्विच असतो, तोही अडकलेला नव्हता. वेग देणाऱ्या मुठीची वायर तपासली: सोडलेली असताना पाऊण व्होल्ट, पूर्ण पिळली की साडेतीन. जसं हवं तसंच. मी चावी फिरवली, मूठ पिळली. रिक्षा चार हात पुढे गेली.

रत्नमालेचा चेहरा उतरला. गाडी चालली म्हणून उतरलेला चेहरा मी पहिल्यांदाच पाहिला.

"पाहा. साऱ्यायच्या हातानं चालते. माह्याशीच दुश्मनी हाय."

"बंद कर. आता बस, अन् रोज करतेस तसंच कर. काही सुधरवू नको."

ती बसली. उजव्या हाताने मूठ अर्धी पिळून धरली आणि मग डाव्या हाताने चावी फिरवली. गाडी ढिम्म. कंट्रोलरवरचा लाल दिवा तेवढा लुकलुकू लागला.

"गाडी कशावर शिकलीस?"

"बाबाच्या लुनावर. कायले?"

मला हसू आलं. लुनाला आधी मूठ पिळायची, मग पायडल मारायचं. हा नवा कंट्रोलर भित्रा; आधीचे दोनही तसलेच. चावी लागतानाच मूठ पिळलेली दिसली, की गाडी उसळेल म्हणून तो मोटर सुरूच होऊ देत नाही. पावसाळ्यात जळलेल्या जुन्याला एवढी अक्कल नव्हती, म्हणून त्याच्याशी हिचं जमलं. दुकानात चावी मिस्त्री फिरवत, तेही मूठ न पिळता. आणि रस्त्यात ही जितकी घाबरे, तितकी मूठ घट्ट.

"मंजे बिघाड माह्यातच?"

"सवय हाय, बिघाड कायचा? हात मांडीवर ठेव. चावी लाव. दोन मोज. आता पीळ."

गाडी निघाली. मी तिच्याकडून वीसदा करून घेतलं. आठव्यांदा उजवा हात आपोआप मुठीकडे गेला, तर तिने डाव्याने त्याला चापट मारली.

चारला अश्वजित गिऱ्हाइकाला, बाबूलालला घेऊन आला. रत्नमालेने जेवायला बसल्यासारखे हात मांडीवर ठेवले. चावी. अश्वजितने डोळे मिटले. रिक्षा वळणापर्यंत गेली, बंद झाली, पुन्हा सुरू झाली, परत आली.

"गाडी तं चांगली हाय. मंग इकता काहून?" बाबूलालने विचारलं.

"कोन इकून राहिलं?" म्हणत अश्वजित मागे चढला. "बसा भाऊ, स्टँडवर सोडून देते माही बायको तुमाले."

अश्वजितने बाजूचा दांडा घट्ट धरला होता. रत्नमालेने आरशात पाहिलं.

"हात मांडीवर ठेवा जी," ती म्हणाली. "मंगच चालू होते."