काचेआडचे ठिपके

मी नोटीस बोर्ड बोलतोय. पण आधी तुम्ही कोण, कुणी पाठवलं आणि हातात खळीचा डबा तर नाही ना, ते बघू द्या. रागावू नका. वीस वर्षं सरकारी कचेरीच्या व्हरांड्यात काढली की स्वभाव असा होतो. कचेरी कोणत्या तालुक्याची, तेही सांगणार नाही. परभणी जिल्ह्यातली आहे आणि जिंतूरची एसटी समोरून जाते, एवढं पुरे.

मला मानवतच्या सूर्यभान सुतारानं घडवलं. चौकट सागवानी, आतली फळी हलक्या लाकडाची. तो मोठ्या मनाचा माणूस होता, पण माप त्यानं तीनदा घेतलं, कारण कचेरीतल्या बाबूंचा त्याच्यावर विश्वास नव्हता आणि त्याचा बाबूंवर. त्या तिसऱ्या मापाच्या वेळीच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली असावी, ती आजतागायत गप्प बसलेली नाही.

पहिल्यांदा मला कमरेच्या उंचीवर लावलं होतं. तेव्हा कागद ज्वारीच्या पिठाच्या खळीनं चिकटवत. बाजारच्या दिवशी शेळ्या व्हरांड्यात शिरत आणि खळीच्या वासानं नोटिशीच्या नोटिशी फस्त करत. एकदा तर त्यांनी अख्खी मतदार यादी खाल्ली. मग मला साडेपाच फुटांवर चढवलं. शेळ्यांचा प्रश्न मिटला. बुटकी माणसं, म्हातारी माणसं, हातावर सरपटत येणारी माणसं यांचा कुणी विचार केला नाही. खरं सांगायचं तर मीही केला नाही.

अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या दंगलीत जिल्हाभर काय पेटलं ते तुम्हाला ठाऊक आहे. माणसांच्या घरांपुढे माझी काय किंमत, पण कचेरीवर चार दगड पडले आणि माझ्या अंगावरचे कागद ओरबाडले गेले. त्यानंतर मला जाड काच बसली, पितळी कुलूप लागलं आणि हुकूम निघाला की प्रत्येक नोटीस काचेच्या आत राहील. मला मनापासून बरं वाटलं. आता कुणाचं बोट मला लागणार नव्हतं.

काचेआडून मी माणसं बघत राहिलो. कुणी यादीत स्वतःचं नाव तीनदा वाचायचं आणि तरी शेजाऱ्याला विचारायचं. कुणी अक्षरओळख नसतानाही मान डोलवत उभं राहायचं, म्हणजे लोकांना वाटावं वाचतोय. बरेच जण माझ्या काचेत बघून भांग पाडायचे आणि निघून जायचे. नोटीस कशाची होती, ते त्यांच्या गावीही नसायचं.

किल्ली असायची व्यंकटी शिपायाच्या करदोड्याला. माझा त्याच्यावर तिळभर विश्वास नव्हता. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यानं कुलूप काढून एक कागद गुपचूप सरकवला होता, तो मी विसरलो नव्हतो. तो कारकुनाच्या सांगण्यावरून, ते मला पुढे कळलं. पण हात तर त्याचाच होता.

एक्क्याऐंशी साल अपंगांचं वर्ष म्हणून जाहीर झालं. वरून पत्र आलं की कचेरीतली माहिती अपंगांपर्यंत पोचेल अशी सोय करा आणि तसा अहवाल पाठवा. आवक-जावक बघणाऱ्या चंद्रभान कारकुनानं रंगारी बोलावला आणि माझ्या कपाळावर पिवळ्या अक्षरात लिहून घेतलं, ‘अपंग बांधवांनी येथे वाचावे’. साडेपाच फुटांवर. अहवाल गेला. दोन वर्षं सगळं शांत होतं.

मग नवे बीडीओ साहेब आले. त्यांनी नोटिशी शहरातल्या अंध मुलांच्या शाळेत पाठवून ठिपक्यांच्या लिपीत करून मागवल्या. एसटीच्या पार्सलातून जाड, पिवळसर कागद आला. त्यावर शाई नाही, शिक्का नाही, नुसते उठलेले बारीक ठिपके. मला वाटलं, वाळवीनं खाल्लेला कागद पाठवून कुणीतरी आपल्याला बनवायलंय.

तो कागद नव्या नोटिशीचा होता. पंचायत समितीच्या समोरच्या गाळ्यांपैकी एक अपंगांसाठी राखून ठेवला होता. अर्जाची शेवटची तारीख तीस नोव्हेंबर. शाईची नोटीस एक तारखेलाच लागली होती, ठिपक्यांची सात तारखेला आली. चंद्रभाननं हुकमाप्रमाणे तीही काचेच्या आत लावायला सांगितली.

“सगळ्या पाठीला खळ लाव, फुगा राहू देऊ नको,” तो व्यंकटीला म्हणाला. “साहेब बघतील तर सपाट दिसला पाहिजे.”

व्यंकटीनं चार कोपऱ्यांना चार बोटं खळ लावली आणि कुलूप घातलं. मी मनात म्हटलं, आळशी लेकाचा.

दुसऱ्याच दिवशी दैवशाला आली. पंचविशीची, जन्मापासून आंधळी. शहरातल्या त्याच शाळेत सातवीपर्यंत शिकलेली, वेताच्या खुर्च्या विणण्यात हात बसलेला. गावात एका खोलीत आई गोजरबाईबरोबर राहायची. खोलीत खुर्ची ठेवली की झोपायला जागा उरायची नाही आणि पावसात वेत भिजून वाया जायचा. गाळा मिळाला तर धंदा उभा राहणार होता, नाही तर आईच्या पाठीमागे निंदायला जायचं आणि बांधावर बसून राहायचं, एवढंच होतं.

तिनं टाचा उंचावून हात वर केला. बोटं काचेवर आपटली. ती काचेवरून उजवीकडे, डावीकडे, परत उजवीकडे फिरली.

“आत हाय व्हय?” तिनं विचारलं.

“आत हाय, माय,” व्यंकटी म्हणाला.

“मंग काढा की. वाचून ठिवते परत.”

“कुलूप काढायला साहेबाची परवानगी लागती. आन् साहेब दौऱ्यावर गेलेत.”

काय सांगू, मला हायसं वाटलं. परकी बोटं माझ्यापर्यंत पोचली नव्हती. आज ते आठवलं की माझी मलाच शरम वाटते.

व्यंकटीनं मग शाईची नोटीस मोठ्यानं वाचून दाखवली. तारीख तीस. सोबत परभणीच्या मोठ्या डॉक्टरांचा दाखला हवा. डॉक्टर दाखले फक्त बुधवारी देत. पुढच्या बुधवारी, म्हणजे सोळाला, दोघी मायलेकी पहाटेच्या एसटीनं परभणीला निघाल्या.

त्यांना गाडीत चढताना माणिकरावांनी बघितलं. हे गावातलं वजनदार माणूस. त्यांच्या पुतण्याचा अर्ज कधीच आत आला होता. पुतण्याला दोन्ही कानांनी ऐकू येत नाही, असा दाखला त्यानं कुठून तरी पैदा केला होता. मी मात्र त्याला दोन फर्लांगावरच्या एसटीचा हॉर्न ऐकून पळत सुटताना बघितलेलं. तोवर अर्ज एकच होता. दुसरा येऊ घातलाय हे माणिकरावांना आता कळलं.

त्याच दुपारी, कचेरी जेवायला गेली असताना, चंद्रभान माझ्यापुढे आला. त्यानं व्यंकटीकडून किल्ली मागून घेतली होती. जुनी नोटीस सोलून काढली आणि नवी टाइप केलेली लावली. शब्द न् शब्द तोच, खाली साहेबांची सही तीच, कारण साहेब पुढ्यात आलेल्या गठ्ठ्यावर न वाचता सह्या करायचे. फक्त तारीख पंधरा. म्हणजे कालच संपलेली. ठिपक्यांच्या कागदाकडे त्यानं ढुंकूनही बघितलं नाही. त्याच्या लेखी ती नोटीस नव्हतीच, तपासणीसाठी टांगलेली शोभेची वस्तू होती.

मी बघत होतो. मला तोंड नाही. माझ्या कपाळावर ‘येथे वाचावे’ लिहिलंय आणि मी खोटं अंगावर घेऊन उभा होतो.

सतराला मायलेकी अर्ज घेऊन आल्या.

“तारीख परवाच संपली, बाई,” चंद्रभान म्हणाला. “बोर्डावर लावलंय की. वाचायचं नसतं का?”

आंधळ्या बाईला हे विचारताना त्याची जीभ अडखळली नाही.

गोजरबाई व्हरांड्यात आली. “व्यंकटीभाऊ, तुमीच म्हनलाव की तीस तारीख हाय म्हणून.”

व्यंकटीनं काचेला नाक लावलं. त्याचा चेहरा उतरला. “मी तर तीसच वाचलं होतं.”

“सातवी नापासाला काय वाचायला येतंय,” चंद्रभान आतून म्हणाला. लोक हसले.

दैवशाला हसली नाही. व्यंकटीच्या आवाजाकडे तोंड करून तिनं हळू विचारलं, “खरं सांगा भाऊ. तुमी चुकलाव, का तुमाला कुणी चुकायला लावलं?”

“लेकराची आण घेतो, माय. जे होतं तेच वाचलं.”

तिचा विश्वास बसला नाही, हे मला दिसत होतं. तिच्या जागी मी असतो तर माझाही बसला नसता. तिनं हात वर करून काच चाचपली. मग म्हणाली, “आमच्या साळंतून आलेला कागद हाय का अजून आत?”

“हाय.”

“मंग कुलूप काढा.”

व्यंकटीचा हात करदोड्याकडे गेला आणि थांबला. परवानगी नव्हती. नोकरीची पाच वर्षं उरली होती. चंद्रभान खुर्चीवरून उठून दारापर्यंत आला होता. मला वाटलं, आता हा किल्ली परत खोचणार आणि विडी ओढायला मागे जाणार. मी त्याला तसाच ओळखत होतो.

त्यानं कुलूप काढलं. दोन्ही हातांनी काचेचं दार उघडलं आणि ठिपक्यांचा कागद कोपऱ्यांवरून अलगद सोडवला.

दैवशालानं तो व्हरांड्याच्या कठड्यावर ठेवला. तिची बोटं ओळीवरून चालली, एका जागी थांबली, मागे आली, परत चालली. “तीस,” ती म्हणाली. “आकड्यातबी तीस आन् अक्षरातबी तीस.”

गलका ऐकून बीडीओ साहेब बाहेर आले. चंद्रभाननं टाइप केलेला कागद पुढे केला. साहेबांनी स्वतःची सही ओळखली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“बाई, या ठिपक्यांत काय आहे ते इथं कुणालाच कळत नाही. तुम्ही काहीही वाचून दाखवाल. आम्ही विश्वास कसा ठेवायचा?”

“साहेब, तुमीबी आमाला काहीही वाचून दाखवताव,” दैवशाला म्हणाली. “आमी जल्मभर इश्वासच ठेवत आलाव.”

साहेबांचा चेहरा लाल झाला, पण माणूस वाईट नव्हता. त्यांनी विचारलं, गावात ही लिपी आणखी कुणाला येते? हायस्कुलात गाणं शिकवणारे दत्तराव मास्तर आंधळे होते. साहेबांनी दैवशालाला आतल्या खोलीत बसवलं, स्वतःच्या गाडीतून मास्तरांना आणलं आणि काही न सांगता कागद त्यांच्या पुढ्यात ठेवला.

मास्तरांनी पहिल्या ओळीपासून सावकाश वाचलं. गाळा, दाखला, अटी. शेवटी म्हणाले, “तीस नोव्हेंबर. का हो, एवढ्यासाठी तास मोडलात का माझा?”

शाईचा कागद बदलता आला होता, कारण तो सगळ्यांना वाचता येत होता. ठिपक्यांचा कागद कचेरीत कुणालाच वाचता येत नव्हता, म्हणून त्याला हात लावायचं कुणाला सुचलं नाही. ज्याच्यावर मी सगळ्यात जास्त संशय घेतला, तेवढाच एक कागद माझ्या अंगावर खरा होता.

दैवशालाचा अर्ज घेतला गेला आणि गाळा तिला मिळाला. पुतण्याला परत तपासणीला बोलावलं, तो फिरकलाच नाही. चंद्रभानला शिक्षा झाली म्हणाल, तर फाइलवर ‘टंकलेखनातील चूक’ असा शेरा पडला. व्यंकटीला मात्र विनापरवानगी कुलूप उघडल्याबद्दल मेमो मिळाला आणि तीन महिन्यांत येलदरीच्या बाजूला बदली झाली. जायच्या दिवशी तो मला फडकं मारायला आला. गोजरबाई शेजारी उभी होती. तिला म्हणाला, “खळ सगळीकडं लावली असती तर टिपके दबले असते, माय. म्हनून चारच कोपऱ्याला लावली होती.” आळस होता की समज, मी अजून ठरवू शकलेलो नाही. पण त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, आपण माणूस ओळखायला चुकलो.

साहेबांनी माझी काच काढली आणि मला पुन्हा कमरेच्या उंचीवर आणलं. खळ बंद, टाचण्या सुरू. शेळ्या येतात, हुंगतात आणि नाक मुरडून जातात.

ठिपक्यांचे कागद तीन वर्षं आले. साहेब बदलून गेले आणि तेही बंद झाले. पण दैवशाला दर सोमवारी गाळा उघडण्याआधी येते. या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवते. सगळं सपाट लागतं. मग व्हरांड्यातल्या एकाला नोटीस वाचायला सांगते आणि तो गेला की दुसऱ्याला तीच परत वाचायला लावते. दोघांचं जुळलं तरच मान हलवते. लोक तिला संशयी म्हणतात. मला तिच्याइतकं शहाणं माणूस या कचेरीत दुसरं दिसलेलं नाही.

यंदा चौऱ्याण्णव साल. नामविस्तार झाला, कचेरीची नवी इमारत झाली आणि तिच्या व्हरांड्यात नवा बोर्ड आलाय. अॅल्युमिनियमची चौकट, सरकती काच, दोन कुलपं. उंची साडेपाच फूट. त्याच्याही कपाळावर अपंगांसाठी दोन ओळी रंगवल्या आहेत. शनिवारी मला उतरवून जुन्या टायरांशेजारी उभं केलंय. आता वाळवी खरीच येईल, त्याचं मला काही वाटत नाही.

तुम्ही कोण ते अजून सांगितलं नाहीत. असू द्या, आज मी विश्वास ठेवतो. उद्या सोमवार आहे. ती येईल, टाचा उंचावेल आणि तिची बोटं पुन्हा काचेवर आपटतील. त्या वेळी तिच्या शेजारी उभे राहा. आणि त्याआधी एक काम करा, त्या दोन कुलपांच्या किल्ल्या कुणाच्या करदोड्याला आहेत, ते विचारून ठेवा.