मंगळाचे मासे

गंगाकाठच्या बराकपूरच्या ज्या गल्लीत श्यामसुंदर सरपोतदार राहत, तिथे सकाळी घरोघरी मोहरीच्या तेलात मासा पडे आणि नेमक्या त्याच वेळी त्यांच्या पत्नी कालिंदीबाई खिडक्या लावून उदबत्ती पेटवत. बँकेतल्या बदलीनं त्यांना बंगालात आणलं त्याला बराच काळ लोटला होता. तांताच्या साड्या, खजुराचा नोलेन गूळ, दुर्गापूजेतला भोग, सगळं त्यांनी आपलंसं केलं. मासा तेवढा उंबऱ्याबाहेर राहिला. आणि लेकीनं, ऋतानं, पदवी घेतली ती नेमकी माशांची! गावातल्याच एका मत्स्यसंशोधन केंद्रात ती नोकरी करत होती. "घरी आलीस की आधी अंघोळ," या एका अटीवर कालिंदीबाईंनी तेही पचवलं होतं.

त्या मंगळवारी विसरलेला चष्मा घ्यायला ऋता अर्ध्या वाटेतून परत आली. न्हाणीघरात पाणी खळबळल्याचा आवाज झाला म्हणून तिनं आत डोकावलं, आणि ती दारातच थबकली. अंघोळीच्या बादलीत मासे होते. हातभर लांबीचे, काळपट, मिशाळ, आणि चांगले जिवंत. बादलीच्या काठाला हळदकुंकू लावलेलं होतं.

"आई, हे काय?"

कालिंदीबाई पदराला हात पुसत आल्या. चोरी पकडली गेल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. "अगं, तू गेली नाहीस होय?"

"हे मासे आपल्या घरात कसे?"

"तुझ्यासाठीच आहेत," त्या हळूच म्हणाल्या. "तू चिडशील म्हणून बोलले नाही."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पुण्याच्या तन्मयचं स्थळ ठरत आलं होतं. मुलगा चांगला, दोघांचं फोनवर छान जमलेलं. पण ऋताच्या पत्रिकेत मंगळ निघाला, तोही कडक. बाईच्या पत्रिकेतला मंगळ म्हणे नवऱ्याच्या जिवावर उठतो. पुरुषाच्या पत्रिकेतला कोणाच्या जिवावर उठतो, हे विचारायची आपल्याकडे रीत नाही. मुलाकडच्या गुरुजींनी तोडगा सांगितला: दर मंगळवारी मुलीच्या नावानं जिवंत मासे पाण्यात सोडायचे आणि शेवटच्या मंगळवारी मुलीनं स्वतःच्या हातानं. लेक ऑफिसला गेली की कालिंदीबाई बादली घेऊन मागच्या तळ्यावर जात होत्या.

वर्तमानपत्राची घडी हातात घेऊन श्यामसुंदरराव आले. त्यांना तर आपल्या हुशारीचं कौतुकच होतं. "आधी मी रोहूची पिल्लं आणायचो. ती रिक्षातच मरायची. दोष घालवायला निघायचं आणि वर हत्येचं पाप! मग बाजारात म्हटलं, बाबा रे, न मरणारा मासा दे. त्यानं हा दिला. पाण्याबाहेर ठेवला तरी जिवंत राहतो पठ्ठ्या!"

ऋतानं वाकून माशांच्या मिशा निरखून पाहिल्या. तिला तळं आठवलं.

घरामागचं ते जुनं तळं म्हणजे तिचा जीव की प्राण. मौरला, पुंटी, खोलशे, असे बोटभर लांबीचे गावठी मासे तिथे अजून टिकून होते, आणि ते कसे टिकले हेच ती अभ्यासत होती. खोलशाचा नर पाण्यावर फेसाचं घरटं बांधतो, त्यात अंडी सांभाळतो, कोणी जवळ आलं तर इवल्याशा अंगानं धावून जातो. ते बघताना ती जेवायची विसरे. घरी भांडी घासायला येणारी वासंती दिवस मावळायच्या आत गमछा पाण्यात धरून मूठभर मौरला काढून नेई; तिच्या मुलांच्या भातावर तेवढंच कालवण.

यंदा मात्र तिनं अभ्यासासाठी टाकलेलं जाळं रिकामं येत होतं. फेसाचं घरटं एकही दिसलं नाही. ऋतानं उन्हाला दोष दिला, गटाराला दिला आणि शेवटी वासंतीला दिला. "मच्छरदाण्या टाकून पिल्लंसुद्धा उपसता तुम्ही बायका," असं तिला चारचौघांत सुनावलं.

"दीदी, हम लोग गमछा से पकड़ता है," वासंती म्हणाली होती. "मच्छरदानी घर में एक ही है. उसमें बच्चा लोग सोता है."

ऋतानं ऐकलं नाही. तळ्याची देखरेख करणाऱ्या मोहल्ल्यातल्या क्लबला सांगून तिनं बायकांना तळ्यावर यायची बंदी करवली. तळं वाचवायला ती निघाली होती, आणि तळ्याचा काळ तिच्याच न्हाणीघरातून दर मंगळवारी कुंकू लावून निघत होता.

"बाबा, हा आफ्रिकेचा मागुर आहे," ती म्हणाली. "याची पैदास करायला आपल्या देशात बंदी आहे. हा हवेत श्वास घेतो, पावसात जमिनीवरून सरपटत दुसऱ्या डबक्यात जातो आणि तोंडात मावेल ते खातो. अंडी, पिल्लं, बेडूक, काही म्हणजे काही सोडत नाही."

"पण आपण तर जीवदान दिलं गं," श्यामसुंदरराव गोंधळून म्हणाले. "मग आता तूच काढ की ते. एवढी शिकलीस."

एवढी शिकली होती म्हणूनच तिला ठाऊक होतं की ते निघणार नाहीत. जाळं टाकलं की मागुर चिखलात दडून बसतो. तळं उपसावं तर क्लब तयार नव्हता, विष घालावं तर उरलेसुरले गावठी मासेही गेले असते. केंद्रातल्या वरिष्ठांनी सगळं ऐकून घेतलं आणि नकारार्थी मान हलवली. ऋता रडली, अगदी लहान मुलीसारखी रडली.

शेवटचा मंगळवार जवळ आला. तिनं तन्मयला फोन करून सगळं सांगितलं.

"पटतंय मला," तो म्हणाला. "पण आईचं मन मोडवत नाही गं. एवढे सोडलेत, त्यात अजून दोन. तुझं काय जातं?"

"आणि माझ्यात दोष आहे, हेही पटतंय तुला?"

"मी कुठे मानतो? आई मानते," तो म्हणाला.

आपल्या समाजात हे असंच चालतं. कोणीच मानत नसतं, आणि तरी तोडगा पार पडतो.

मंगळवारी ती तळ्याच्या पायऱ्यांवर गेली, कारण आईनं सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता. बादली बाबांच्या हातात होती. कालिंदीबाईंनी मोबाइल धरला होता आणि त्यावर पुण्याहून तन्मयची आई, निर्मलाताई, बघत होत्या. बाजूला तन्मय.

"हं, दोन्ही हातांनी सोड बाळा, आणि मनात म्हण, माझा दोष जाऊ दे," निर्मलाताई अगदी मायेनं म्हणाल्या.

ऋतानं बादलीत पाहिलं, मग पाण्याकडे पाहिलं. पाणी हिरवं आणि स्वस्थ होतं.

"मी नाही सोडणार," ती म्हणाली. "हे मासे सोडणं हा गुन्हा आहे, काकू. आणि माझ्यात दोष नाही."

"अहो कालिंदीताई, काय बोलतेय ही? माझ्या मुलाच्या जिवाचा प्रश्न आहे!"

"तन्मय, तू बोल," ऋता म्हणाली.

पडद्यावर तन्मयनं खाली पाहिलं. मग फोन बंद झाला.

ऋतानं बाबांच्या हातून बादली घेतली आणि थेट वासंतीच्या दारात नेऊन ठेवली. "माझं चुकलं," ती हात जोडून म्हणाली. "तुम्ही नाही, आमच्या घरानं तळं मारलं. हे आजच कापून टाक. पाण्यात एकही जाता कामा नये."

वासंतीनं बादलीत वाकून पाहिलं. "दीदी, मौरला फिर आएगा?" तिनं विचारलं. ऋतानं बादली तिच्याकडे सरकवली. वासंतीनं विळी पुढे ओढली.

कालिंदीबाई मागोमाग आल्या होत्या. विळीवर पडलेला मासा पाहून त्यांनी तोंडावर पदर घेतला. "मंगळाच्या नावाचे जीव होते गं ते! मारलेस? आता कसं होणार तुझं?" लेकीवर रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या घाबरल्या होत्या.

लग्न मोडलं. निर्मलाताईंचा मुलगा सुखरूप आहे, दुसऱ्या मुली पाहतो आहे. बायका पुन्हा तळ्यावर येऊ लागल्या, पण गमछा कोरडा घेऊन परत जातात. ऋता शाळाशाळांतून, देवळादेवळांतून हे सांगत फिरते. लोक ऐकतात, हळहळतात, आणि मुलीची पत्रिका दाखवायला जातात.

पुढच्याच महिन्यातली गोष्ट. ऋता संध्याकाळी घरी आली तेव्हा बादली गच्चीवर पालथी घातलेली होती. काठाला ओलं कुंकू होतं. कालिंदीबाई तुळशीपाशी वाती वळत बसल्या होत्या. लेकीची सावली पडली तशी त्यांनी वर पाहिलं. चेहऱ्यावर भीती होती, आणि माया तर डोळ्यांतून वाहत होती.

"रागावू नकोस गं," त्या म्हणाल्या. "मेलेल्या माशांचा दोष फेडायलाच हवा होता. पण तुझं ऐकलं हो मी. तळ्यात एकही नाही टाकला. सगळे गंगेत सोडले."